चार पांढरे दिवे

पट्टीसाहेबांनी जेवणाचं टेबल बळकावलं तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "मग आता जेवायचं कुठे? धावपट्टीवर?"

पट्टीसाहेबांनी मान वर केली नाही. तेव्हापासून त्या घरात माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत आणि टेबलावर विमानतळ असे.

विमानतळ म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा. विमान उडवण्याचा सराव घरबसल्या करायचा एक प्रोग्रॅम असतो, सिम्युलेटर म्हणतात त्याला. त्यात जगभरचे विमानतळ आयते मिळतात. पण आयते म्हणजे कसे? मोठ्या शहरांना काचा, कमानी, सरकते जिने. आणि डोंगरातल्या पठारावरच्या एखाद्या लहान विमानतळाच्या वाट्याला डांबराचा एक पट्टा आणि कडेला खोक्यासारखी एक इमारत. गरीब नातेवाइकाला फोटोत कडेला उभं करतात, तसं. ज्यांना हे खपत नाही ते हौशी लोक तोच विमानतळ स्वतः बांधतात, भिंत न् भिंत, खांब न् खांब, आणि आयत्याच्या डोक्यावर नेऊन बसवतात. त्याला सीनरी म्हणतात.

पट्टीसाहेब मात्र हौशी नव्हते. हौस त्यांच्या जमेच्या रकान्यात कधीच नव्हती. रस्ते खात्यात आरेखक म्हणून त्यांनी जन्म काढला होता: पांढरा कागद, काळी शाई आणि हातात फूटपट्टी. कचेरीतल्यांनी नाव ठेवलं ते चिकटलं. पुढे बायकोसुद्धा रागावली की त्यांना पट्टीसाहेब म्हणू लागली, आणि ती बहुतेक वेळा रागावलेलीच असे.

त्यांचा धाकटा भाऊ कॅप्टन होता. एका धुरकट संध्याकाळी टपाल आणि औषधांची खोकी घेऊन त्या पठारावरच्या विमानतळावर उतरताना त्याचं लहानसं विमान धावपट्टीच्या अलीकडच्या दगडी बांधावर आदळलं. कॅप्टन गेला. शेजारी बसलेला सहवैमानिक वाचला. चौकशी झाली आणि ठपका कॅप्टनवर आला. मेलेला माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे त्याच्या नावावर काहीही खर्ची टाकता येतं, असं पट्टीसाहेबांचं मत पडलं.

भांडण होतं चार दिव्यांचं. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची एक आडवी ओळ असते. उतरणाऱ्याला त्यातले दोन पांढरे आणि दोन लाल दिसले, तर विमानाची उंची बरोबर. चारही पांढरे दिसले, तर फार वर आहोत, खाली घ्या. चारही लाल दिसले, तर फार खाली आहोत, ताबडतोब वर घ्या. सहवैमानिकाने जबाबात सांगितलं की चारही दिवे लाल होते. आणि विमानातल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनचे शेवटचे शब्द होते, "वर आहोत. खाली घेतो."

चार लाल दिवे समोर असताना कोणता शहाणा माणूस विमान आणखी खाली घालेल? चौकशी समितीला याचं उत्तर सापडलं नाही. त्यांनी 'लक्ष विचलित झाले' असं लिहून फाईल मिटवली. पट्टीसाहेबांना उत्तर लगेच सापडलं. दिवे बिघडले होते. विमान खाली असतानाही ते पांढरेच दाखवत होते. कॅप्टनने जे दिसलं त्याप्रमाणे केलं आणि सहवैमानिक नोकरी टिकवण्यासाठी खोटं बोलतोय. त्यांनी फेरचौकशीचा अर्ज दिला. समितीने कळवलं, हयात साक्षीदाराने जबाब बदलला तर बघू.

म्हणून हा विमानतळ. सहवैमानिकाला टेबलापाशी बसवायचं, ती संध्याकाळ जशीच्या तशी समोर उभी करायची आणि त्याच्या तोंडून खरं काढून घ्यायचं.

कॉम्प्युटर कॅप्टनचाच होता. तो घरी त्यावर सराव करायचा. कॅप्टनच्या बायकोने, म्हणजे धाकट्या जावेने, तो स्वतः आणून दिला, वायरी नीट गुंडाळून. "घ्या भाऊजी," ती म्हणाली. "माझ्याकडे नुसता धूळ खातोय." बास, तेवढंच. या सगळ्या उद्योगाचं पुढे काय झालं, असं तिने एकदाही विचारलं नाही. ज्या बाईचा नवरा गेला ती विचारत नाही, हे हिशेबी माणसाला खटकायला हवं होतं. पट्टीसाहेबांना ती दुःखात आहे एवढंच दिसलं.

विचारायची ती आई. आई आतल्या खोलीत खाटेवर असे. पाय गेले होते, कान शाबूत होते. कधीकाळी ती प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवायची. रोज सकाळी चहाचा कप हातात घेता घेता ती विचारी, "लागला का छडा?"

"लागेल."

"बरं," आई म्हणे, आणि चहा पिई.

त्या 'बरं'मध्ये पट्टीसाहेबांना आपल्यावरचा विश्वास ऐकू येई. ते दुप्पट जोमाने टेबलाकडे वळत.

काम त्यांनी असं केलं की बघणाऱ्याने तोंडात बोटं घालावीत. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी खाली फाटकी होती, ती पडद्यावरही फाटकीच रेखाटली. नियंत्रण मनोऱ्याच्या काचेला तडा होता, तोही रेखाटला. कुंपणाच्या तारेत अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी रेखाटली. अग्निशमनच्या शेडच्या शटरला पोचा आला होता, तो पोचा रेखाटला. दगडी बांध मात्र त्यांनी सगळ्यात शेवटी रेखाटला, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

एकच गोष्ट त्यांचा जीव खाई. खालचा आयता विमानतळ वर डोकावायचा. प्रोग्रॅममध्ये सगळ्या सीनरींची एक यादी असते. जी वर असेल ती दिसते, खालची झाकली जाते. पण प्रोग्रॅम मधूनच आपल्या मनाने यादी हलवी. मग एका मनोऱ्याच्या पोटातून दुसरा मनोरा बाहेर येई, धावपट्टीत झाडं उगवत.

"दोन सवती एका घरात नांदवताय तुम्ही," बायको म्हणाली. ती ताट घेऊन मागे उभी होती. "आणि अहो, हे गवत विटकरी का?"

"उन्हाळी गवत आहे ते. वाळलेलं."

"वाळलं की गवत पिवळं होतं. विटा होत नाहीत त्याच्या."

"फोटोशी ताडून बघितलंय मी. हुबेहूब आहे."

"असेल बाई. हिरवी म्हणून चॉकलेटी साडी आणणारा माणूस, त्याच्याशी मी कुठे वाद घालू!" नवऱ्याला रंगाची अक्कल नाही, हे तिने लग्नानंतर लगेच ओळखलं होतं आणि नवरेजातीच्या इतर दोषांच्या खाली नोंदवून विषय संपवला होता. त्यांचे मोजेसुद्धा तीच जोड्या लावून ठेवी.

शेवटी उरले दिवे. पट्टीसाहेब एकदा भावाच्या विमानात त्याच्या मागे बसून गेले होते. उतरताना कॅप्टन मान न वळवता म्हणाला होता, "ती ओळ बघ दादा. दोन ठळक, दोन मंद. झालं, बरोबर चाललोय." दादाने बघितलं. दोन ठळक, दोन मंद. लाल दिवा म्हणजे जरा विझल्यासारखा, हे त्यांना लहानपणापासून ठाऊकच होतं. चौकातल्या सिग्नललाही वरचा पेटला की थांबायचं, खालचा पेटला की निघायचं, यात त्यांची कधी गफलत झाली नव्हती.

आता त्यांनी बिघडलेले दिवे बनवले. विमान कितीही खाली येवो, चारही पांढरेच राहतील असे. त्यांचा वेगळा फोल्डर केला, यादीत सगळ्यात वर चढवला, विमान बांधाच्या थोडं अलीकडे आणून थांबवलं आणि पाहिलं. चारही दिवे एकसारखे. त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली. बऱ्याच दिवसांनी त्यांना भूक लागली.

सहवैमानिक दुपारी आला. एक पाय किंचित ओढत चालत होता. पट्टीसाहेबांच्या बायकोने त्याला पाणी दिलं, पण पेला असा ठेवला की थोडं टेबलावर हिंदकळलंच. धाकटी जाऊ आधीच येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. पडदे ओढलेले होते. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, कारण आईने ते उघडं ठेवायला सांगितलं होतं.

"बसा," पट्टीसाहेब म्हणाले. "त्या खुर्चीत. तुम्ही उजवीकडे बसायचात ना?"

तो बसला. पडद्यावर पठार उजाडलं, तसा तो पुढे वाकला. "अरे बापरे. काका, शटरचा पोचासुद्धा दाखवलात?"

"पोचा आहे, तर दिसणारच."

"कॅप्टनच्या जीपने आलेला आहे तो. रिव्हर्स घेताना. वर मलाच म्हणाले, 'भिंत मागे कोणी सरकवली?'"

धाकटी जाऊ फस्सकन हसली आणि मग पदर तोंडाला लावून गप्प झाली.

पट्टीसाहेबांना हे हसणं परवडणारं नव्हतं. त्यांनी संध्याकाळ लावली, धूर लावला, विमान उतरणीला लावलं. पठार जवळ येत गेलं. बांध दिसू लागला तिथे त्यांनी एक बटण दाबलं आणि विमान हवेत थांबलं.

"आता नीट बघा. तीच वेळ, तोच धूर, तीच उंची. तुम्ही म्हणालात चार लाल. माझं म्हणणं, दिवे बिघडले होते आणि हे असे चार पांढरे दिसत होते. आता छातीवर हात ठेवून सांगा, त्या दिवशी असंच दिसत होतं की नाही?"

सहवैमानिक पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने वळून धाकट्या जावेकडे बघितलं.

"असंच दिसत होतं," तो हळू म्हणाला. "पण काका, पांढरे कोणते म्हणता तुम्ही?"

"हे! चारही!"

"हे लाल आहेत."

"अजून?" पट्टीसाहेबांचा आवाज फाटला. "माझ्या घरात बसून, माझं पाणी पिऊन, माझ्या तोंडावर? अगं, सांग याला!"

बायको नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलेल असं वाटलं होतं. पण पेला पुसायचं फडकं तिने हातात गोळा केलं. "अहो... लालच आहेत."

"तू पण?"

"मी तर रोज बघते. मला वाटलं, तुम्हाला लालच दाखवायचेत."

त्यांनी दाराकडे बघितलं. धाकटी जाऊ फरशीकडे बघत होती. "भाऊजी, चारही लाल आहेत," ती म्हणाली.

माणूस घाबरला की जे येतं ते करतो. पट्टीसाहेबांनी यादी उघडली. त्यांचा विमानतळ वरच होता, पण दिव्यांच्या फोल्डरवर आयता विमानतळ परत सरकून बसला होता. त्यांचे बिघडलेले दिवे त्याच्या खाली झाकले गेले होते आणि त्याचे धडधाकट दिवे आपलं काम चोख बजावत होते. त्यांनी फोल्डर वर चढवला. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. बांध, धूर, चार दिवे.

"आता?"

"आता पांढरे," तिघंही म्हणाली.

त्यांनी फोल्डर खाली उतरवला. पुन्हा बांध, धूर, चार दिवे.

"आता?"

"लाल."

पट्टीसाहेबांच्या समोर पडद्यावर काहीही बदललं नव्हतं. मगाशी चार सारखे दिवे होते, आताही चार सारखे दिवे होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. खोलीतली तीन माणसं आपल्याकडे बघताहेत हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना पहिल्यांदाच असं वाटलं की ती आपल्याशी फार जपून वागताहेत.

पहिला बोलला सहवैमानिक, आणि तोही स्वतःशीच बोलल्यासारखा. "ते मला दिवे वाचायला लावायचे. प्रत्येक वेळी. 'वाच रे,' म्हणायचे, आणि मी मोठ्याने म्हणायचो, दोन पांढरे दोन लाल, तीन पांढरे एक लाल. मला वाटायचं, शिकवताहेत."

धाकट्या जावेने स्टूल थोडं पुढे ओढलं.

"त्या दिवशी मनोऱ्यावरून काहीतरी विचारत होते. मी रेडिओवर उत्तर देत होतो. मान वर केली तर चार लाल. ओरडलो मी. ते म्हणाले, 'वर आहोत.' आणि नाक खाली घातलं." त्याने पडद्याकडे बोट केलं. "तुमच्यासारखाच त्यांनाही रंग कळत नसणार. दोन-दोन असले की ठळक-मंद कळत असणार. चारही सारखे झाले की... कसं कळणार? काका, मला हे आज कळतंय. आई शप्पथ, आज."

"टोमॅटो पिकलाय का, ते मला विचारायचे," धाकटी जाऊ म्हणाली. "दुकानात उभं राहून. हातात टोमॅटो धरून. मला वाटायचं, लाडात येतात. ते गेल्यावर एकदा मी टोमॅटो चिरत होते आणि एकदम लक्षात आलं..." तिने वाक्य तिथेच सोडलं. "म्हणून मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही, भाऊजी."

"पण मग तपासणीत पास कसे झाले?" सहवैमानिक म्हणाला. "रंगांची तपासणी असते आमची. ठिपक्यांची पानं दाखवतात, त्यात आकडे लपलेले असतात. ते दिसले नाहीत तर..."

"अरे," आतून आईचा आवाज आला. "जरा इकडे ये."

पट्टीसाहेब आत गेले. आई उशीला टेकून बसली होती आणि त्यांच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती.

"तुमच्या रंगीत खडूंना खाचा असायच्या, आठवतं?" ती म्हणाली.

आठवत होतं. लाल खडूला एक खाच, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन. खडू असेच मिळतात अशी त्यांची समजूत होती. पुढे मोठेपणी दुकानात बिनखाचांचे खडू दिसले, तेव्हा आता पूर्वीसारखा माल येत नाही, असं त्यांनी मनात म्हटलं होतं.

"त्या तू पाडायचीस?"

"नखाने. तुम्ही दोघं झाडाला विटकरी पानं काढायचात. शाळेत मी चित्रं शिकवणार आणि माझीच पोरं हसू करून घेणार. ठिपक्यांची पानं मी मिळवली. धाकट्याकडून पाठ करून घेतली, पाढे घेतात तशी. कोणत्या पानाच्या कोपऱ्याला डाग आहे, कोणत्या पानात मोठा ठिपका कुठे आहे. रंग नाही दिसला तरी पान ओळखायचं आणि आकडा सांगायचा. हुशार होता. कधी चुकला नाही."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुझं काळ्या शाईवर भागत होतं. सांगून तुझ्या हातात काय पडणार होतं? त्याला आकाश हवं होतं."

पट्टीसाहेब खाटेच्या कडेला बसले. "रोज सकाळी विचारायचीस," ते म्हणाले. "लागला का छडा."

"हो. तू 'लागेल' म्हणालास की माझा तो दिवस सुटायचा."

मग तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. "आता तू समितीला सांगणार?"

सांगायचं काय, याचा जमाखर्च पट्टीसाहेबांनी त्या खाटेवर बसल्या बसल्या मांडला. आजवर भाऊ बेसावध म्हणून नोंदला गेला होता. खरं सांगितलं तर लबाड म्हणून नोंदला जाईल. खाटेवरच्या म्हातारीला कोणीतरी येऊन प्रश्न विचारील. आणि न सांगितलं तर ठपका आहे तिथेच राहील, त्यांच्या स्वतःच्या संमतीने. इकडून मांडा की तिकडून मांडा, शिल्लक काही उरत नव्हती. ते उठले आणि आईच्या पायावरचं पांघरूण सारखं करून बाहेर आले.

सहवैमानिक उभा होता. "काका, मी काय सांगू?"

"जे सांगितलंत तेच. चार लाल होते."

"पण मी वाचले नाहीत दिवे. त्या दिवशी मी वाचले असते, तर..."

"वाचायलाच हवेत असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग झालं तर," पट्टीसाहेब म्हणाले. त्यांच्या बायकोने सहवैमानिकाचा पेला उचलला आणि न विचारता पुन्हा भरून आणला. या वेळी पाणी हिंदकळलं नाही.

अर्ज मागे घेतला गेला. आईने सकाळचा प्रश्न विचारणं बंद केलं. चहा येतो, ती पिते, कप ठेवते. पण टेबल काही मोकळं झालं नाही. बायकोला वाटलं होतं, आता तरी सगळे ताठ बसून जेवतील.

एका दुपारी ती वाटाणे सोलत बसली होती, तेव्हा पट्टीसाहेबांनी विमान उतरणीला लावलं. दिव्यांचा फोल्डर त्यांनी मुद्दामच आयत्या विमानतळाखाली ठेवला होता. दिवे धडधाकट, खरं ते दाखवणारे.

"वाच," ते म्हणाले.

"काय वाचू?"

"दिवे."

तिने वाटाण्याची शेंग खाली ठेवली. टोमणा तिच्या ओठांपर्यंत आलेला दिसला आणि परत गेला. "दोन पांढरे, दोन लाल."

"बरोबर."

"दोन पांढरे, दोन लाल. तेच. आता एक पांढरा, तीन लाल. अहो, वर घ्या थोडं. हां. दोन-दोन. तीन पांढरे, एक लाल. थोडं खाली. अगं बाई, दूध!"

ती ओट्याकडे धावली. पट्टीसाहेबांनी पडद्यावरून नजर काढली नाही. पठार जवळ येत होतं. धुरातून चार दिवे दिसत होते, चारही सारखे, शांत, ओळखीचे. आत्ताच ती म्हणाली होती, तीन पांढरे. म्हणजे आता चौथाही पांढरा झाला असणार. त्यांनी विमान खाली घ्यायला दांडी पुढे केली, हळूच, जशी भावाने केली असेल तशी.

बांध आला. पडदा काळा झाला.

बायको फडकं घेऊन परत आली. काळ्या पडद्याकडे बघून जागच्या जागी थांबली.

"लाल होते का गं?" पट्टीसाहेबांनी विचारलं.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी दुधापाशी होते."